लोम्बार्डी मास्तर

आपल्या प्लेसमेंट ट्रेनिंगच्या हॉलबाहेर, जिथे आपण सगळे उसना टाय लावून घशाला कोरड पडलेल्या अवस्थेत उभे असतो, तिथे भिंतीवर एक पोस्टर आहे. जाड फ्रेमचा चष्मा, डोक्यावर हॅट, हसताना दिसणारी पुढच्या दातांमधली फट. खाली जिंकण्याबद्दलचं एक दणदणीत इंग्रजी वाक्य आणि नाव : विन्स लोम्बार्डी. खरं सांगतो मित्रांनो, दोन वर्षं मला हा माणूस कुठल्या तरी टायर कंपनीचा मालक वाटत होता.

मग गेल्या सेमिस्टरला आमच्या हॉस्टेलच्या व्हॉलीबॉल टीमचा तो प्रकार झाला. (त्यावर पुढे येतो. ज्यांनी तो डोळ्यांनी पाहिला त्यांनी कृपया आत्ताच हसू नये.) त्यानंतरच्या पी.एल. मध्ये अभ्यास सोडून बाकी सगळं करावंसं वाटतं त्या काळात, पुण्यातल्या फूटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला याच दातांची फट असलेलं एक मुखपृष्ठ दिसलं. डेव्हिड मॅरानिस नावाच्या पत्रकाराने १९९९ साली लिहिलेलं जाडजूड चरित्र. रूममेटकडून शंभर रुपये घेतले आणि पुस्तक घेतलं. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये मला किती मिळाले हे विचारू नका, पण लोम्बार्डीमध्ये मी डिस्टिंक्शनने पास आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ते पोस्टरवरचं वाक्य मुळात त्याचं नाहीच! त्याच्या आधीच रेड सँडर्स नावाच्या एका कॉलेज कोचने ते म्हणून ठेवलं होतं. लोम्बार्डीने ते उचललं आणि जन्मभर ते त्याला चिकटलं. दुसरी गोष्ट, ज्या माणसाला आपण जिंकण्याचा देव म्हणून भिंतीवर लावतो, तो पंचेचाळीस वर्षांचा होईपर्यंत कुठल्याच मोठ्या संघाचा मुख्य कोच नव्हता. तो शाळामास्तर होता. फिजिक्स, केमिस्ट्री आणि लॅटिन शिकवायचा. (आदरार्थी लिहायला हवं, मान्य. पण गेले चार महिने हा माणूस माझ्याच खोलीत राहतोय, आणि रूममेटला अहो-जाहो कोण करतं?)

न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या शीप्सहेड बे भागात ११ जून १९१३ रोजी त्याचा जन्म झाला. घर इटालियन, कॅथलिक. वडिलांचा मटणाचा व्यवसाय. पाच भावंडांत हा थोरला. आधी धर्मगुरू व्हायचं म्हणून सेमिनरीत गेला, चार वर्षांनी ते सोडलं. मग फोर्डहॅम युनिव्हर्सिटीत फुटबॉल खेळला. उंची जेमतेम पाच फूट आठ इंच आणि जागा मात्र गार्डची, म्हणजे जिथे दांडगे लोक एकमेकांवर आदळतात ती. १९३६ साली त्या सात जणांच्या फळीला वर्तमानपत्रांनी ग्रॅनाइटच्या सात शिळा असं नाव दिलं होतं. पदवीनंतर एक टर्म वकिलीचा अभ्यास करून तोही सोडला. थोडक्यात, आपल्यातल्या पुष्कळांसारखाच. काय करायचं नाही हे कळत होतं, काय करायचं ते कळत नव्हतं.

१९३९ मध्ये न्यू जर्सीतल्या एंगलवुड गावच्या सेंट सिसिलिया या शाळेत नोकरी मिळाली. शिकवायचं आणि फुटबॉलचं कोचिंग करायचं. तिथे तो आठ वर्षं राहिला. वर्गातली त्याची पद्धत अशी की सर्वांत मागे असलेल्या मुलाला कळेपर्यंत धडा पुढे सरकायचा नाही. आपल्याकडे सिलॅबस संपवण्याची जी घाई असते ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना (आणि ज्यांना ती करावी लागते त्या सरांनाही) यातली गंमत कळेल. पुढे त्याने जे जे केलं ते याच एका सवयीतून आलं असं मला वाटतं.

तिथून फोर्डहॅम, तिथून १९४९ मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत रेड ब्लेक या कोचच्या हाताखाली सहायक. ब्लेकने त्याला शिकवलं ते मॅचच्या फिल्म पुन्हा पुन्हा पाहणं आणि अनावश्यक ते काढून टाकणं. त्या फिल्म घेऊन तो न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ हॉटेलात जनरल मॅकआर्थरला दाखवायला जायचा, कारण मॅकआर्थरला आपल्या जुन्या अकादमीच्या फुटबॉलचं वेड होतं. १९५१ मध्ये तिथे परीक्षेतल्या कॉपीचं मोठं प्रकरण झालं. नव्वद कॅडेट काढून टाकले गेले, त्यात फुटबॉल संघ जवळजवळ रिकामा झाला. उरलेल्या पोरांना घेऊन ब्लेकने संघ पुन्हा कसा बांधला हे लोम्बार्डीने जवळून पाहिलं.

१९५४ मध्ये तो न्यूयॉर्क जायंट्स या व्यावसायिक संघात आला, आक्रमणाचा सहायक म्हणून. आधीच्या मोसमात त्या संघाने बारापैकी तीनच सामने जिंकले होते. सुरुवातीला खेळाडू या कॉलेजछाप मास्तरला हसायचे. मग हा आपण होऊन त्यांच्या खोल्यांवर गेला आणि तुमच्या खेळातलं मला काय कळत नाहीये ते सांगा, असं विचारून आला. १९५६ मध्ये जायंट्सने शिकागो बेअर्सला ४७-७ ने हरवून अजिंक्यपद मिळवलं. तरी मुख्य कोचची जागा त्याला कुठेच मिळत नव्हती. आपलं आडनाव इटालियन आहे म्हणून अर्ज बाजूला पडतात असं त्याला आयुष्यभर वाटत राहिलं.

आता इथे थांबून खेळ समजावून सांगायला हवा. हा म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, सोललेल्या नारळाच्या आकाराचा. एका वेळी अकरा विरुद्ध अकरा. चेंडू ज्यांच्याकडे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. गेलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाही गेलात तर चेंडू समोरच्याला. प्रत्येक प्रयत्नाआधी अकरा जण घोळका करून उभे राहतात, त्याला हडल म्हणतात. तिथे क्वार्टरबॅक सांगतो की आता कुठली चाल. मग चेंडू त्याच्याच हातात येतो आणि तो पळणाऱ्याच्या हातात देतो किंवा लांब फेकतो. व्हॉलीबॉलमध्ये सेटर असतो ना, तसं समजा, पण समोरून पाच-सहा जण त्या सेटरला जमिनीवर आपटायला धावत आहेत असं!

चाल कोणी ठरवायची हा या खेळातला जुना वाद आहे. आज मैदानाबाहेरून कोच बोलतो आणि क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या स्पीकरवर ते ऐकू येतं. व्यावसायिक लीगने ही परवानगी १९९४ मध्ये दिली. त्याआधी क्लीव्हलँडचा पॉल ब्राउन आत-बाहेर करणाऱ्या गार्डच्या तोंडी निरोप धाडायचा. पण लोम्बार्डीच्या काळात बहुतेक संघांत आठवडाभर कोच शिकवायचा आणि रविवारी दुपारी क्वार्टरबॅक एकटा ठरवायचा. म्हणजे लेक्चर सरांचं, पेपर पोराचा.

विस्कॉन्सिन राज्यात ग्रीन बे नावाचं साठ-बासष्ट हजार वस्तीचं थंडगार गाव. तिथला पॅकर्स संघ कुणा एका शेठचा नाही, गावकऱ्यांनी शेअर घेऊन चालवलेला. (आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्यासारखा म्हणालो तर चालेल, फक्त इथे लाभांश मिळत नाही.) १९५८ मध्ये या संघाने बारा सामने खेळले : एक जिंकला, दहा हरले, एक बरोबरीत. बाल्टिमोरने तर त्यांना ५६-० ने धुतलं. कोच स्वभावाने चांगला माणूस, खेळाडूंबरोबर पत्ते खेळायचा. पोरं त्याच्यावर खूष होती आणि हरत होती.

गंमत अशी की हे पोरगे टाकाऊ नव्हते. जॅक व्हेनिसी नावाच्या तरुण अधिकाऱ्याने कॉलेजा-कॉलेजांतून शोधून आणलेले होते. त्या एक-दहा-एक वाल्या संघातले निदान सात खेळाडू पुढे त्या खेळाच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले! पॉल हॉर्नुंग हा कॉलेजमधला सर्वोत्कृष्ट खेळाडूचा हाइझमन पुरस्कार घेऊन आलेला, पण त्याला कधी क्वार्टरबॅक, कधी फुलबॅक असं फिरवत होते. जिम टेलर, जेरी क्रेमर, रे निट्श्के हे बाकावर किंवा नुसते धक्के खात. सगळा माल गोदामात होता; जोडणी येत नव्हती.

आणि क्वार्टरबॅक होता बार्ट स्टार. अलाबामाचा, मृदू बोलणारा, लष्करातल्या कडक सार्जंटचा मुलगा. कॉलेजच्या शेवटच्या दोन वर्षांत आधी पाठीच्या दुखण्याने आणि मग नवीन कोचच्या मर्जीने जवळपास बाकावरच बसून होता. १९५६ च्या निवडीत सतराव्या फेरीत, दोनशेव्या क्रमांकावर त्याचं नाव आलं. तेही अलाबामाच्या बास्केटबॉल कोचने व्हेनिसीकडे शब्द टाकला म्हणून. तीन वर्षांत त्याने सुरुवातीपासून खेळलेल्या सामन्यांपैकी संघाने तीन जिंकले आणि पंधरा हरले. तो हुशार आहे, फिल्म पाहतो, वही लिहितो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो जिंकून देणार नाही हेही सगळे धरून चालले होते.

व्हेनिसीनेच संघाच्या मंडळाकडे लोम्बार्डीचं नाव लावून धरलं. जानेवारी १९५९ मध्ये पाच वर्षांच्या करारावर तो ग्रीन बेला आला, कोच आणि जनरल मॅनेजर दोन्ही म्हणून. आल्या आल्या काय केलं? आठवडेच्या आठवडे अंधाऱ्या खोलीत प्रोजेक्टर लावून १९५८ च्या सगळ्या फिल्म पाहिल्या. कोण कुठे उभा राहतो, कुणाचा पाय कधी घसरतो. मग खेळाडूंना बोलावून नवीन चालींची वही दिली. ती आधीच्यापेक्षा पातळ होती. मला हे फार आवडलं. आक्रमण चालत नसेल तर माणूस काय करतो, नवीन नवीन चाली आणतो. (मीही तेच केलं होतं.) याने चाली कमी केल्या आणि प्रत्येकीमागचं कारण सांगायला सुरुवात केली. समोरचा असा उभा राहिला तर का, तसा सरकला तर का. त्या पहिल्या बैठकीनंतर मधल्या सुट्टीत बार्ट स्टारने धावत जाऊन बायकोला फोन केला आणि आता आपण जिंकणार, असं सांगितलं. म्हणजे कुणीतरी तीन वर्षांनी त्याला का ते सांगत होतं.

त्या पातळ वहीतली पहिली चाल म्हणजे स्वीप. ही मी हॉस्टेलच्या वाय-फायवर रात्री दोन वाजता जुन्या काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये खुद्द लोम्बार्डीला फळ्यावर समजावताना पाहिली आहे, आणि मेसच्या टेबलावर मिठाच्या डब्या मांडून अनेकांना ऐकवलीही आहे. तेव्हा सहन करा.

नेहमी गार्ड समोरच्याला जागच्या जागी अडवतो. इथे दोन्ही गार्ड, जेरी क्रेमर आणि फझी थर्स्टन, आपली जागा सोडून मागे वळतात आणि फळीला समांतर उजवीकडे धावतात. त्यांच्या मागून हाफबॅक हॉर्नुंग चेंडू घेऊन येतो. फुलबॅक टेलर पुढे होऊन बचावाच्या कडेच्या गड्याला आडवतो. सेंटर जिम रिंगोने गार्डची रिकामी झालेली जागा बुजवायची. आता किल्ली आहे टाइट एंड रॉन क्रेमरकडे. समोरचा लाइनबॅकर आत सरकला तर त्याने त्याला आतच दाबायचं, बाहेर सरकला तर बाहेर ढकलायचं. म्हणजे समोरचा जिकडे जाऊ पाहतो तिकडेच त्याला जाऊ द्यायचं, फक्त जरा जास्त! आणि मग पळणाऱ्याने जिकडे उजेड दिसेल तिकडे घुसायचं. कुठे घुसायचं ते आधी ठरलेलंच नाही.

मेकॅनिक्सवाल्यांना सांगायला नको की बलाला बलाने थांबवण्यापेक्षा त्याची दिशा वापरणं स्वस्त पडतं. समोरच्या संघाला ही चाल येणार हे ठाऊक असायचं, तरी थांबवता यायची नाही. कारण सरावात ती इतक्या वेळा झालेली असायची की अकरा जणांना एकमेकांकडे पाहायची गरज नसायची. पुढे स्वतः मोठा कोच झालेला जॉन मॅडन तरुणपणी लोम्बार्डीच्या एका शिबिराला गेला होता. लोम्बार्डी या एका चालीवर आठ तास बोलला. मॅडन आपल्याला फुटबॉल कळतो अशा समजुतीत आत गेला होता, बाहेर येताना ती समजूत उरली नव्हती.

हॉर्नुंगला त्याने एकाच जागी कायमचं उभं केलं. १९६० मध्ये त्या माणसाने बारा सामन्यांत १७६ गुण केले आणि तो विक्रम २००६ पर्यंत टिकला.

पण क्वार्टरबॅकचं काही लगेच जमलं नाही, आणि इथे आपले मास्तरही चाचपडतच होते. १९५९ चा मोसम सुरू झाला तेव्हा त्याने दुसऱ्या संघाकडून आणलेल्या लॅमार मॅकहॅनला खेळवलं. पहिला सामना बेअर्सविरुद्ध ९-६ ने जिंकला, मग आणखी दोन, आणि त्यानंतर ओळीने पाच हरले. मॅकहॅन जखमी झाला म्हणून स्टारला जागा मिळाली, आणि शेवटचे चार सामने संघाने जिंकले. सात विजय, पाच पराभव. १९६० च्या पहिल्याच सामन्यात स्टार हरला, तर लोम्बार्डीने त्याला पुन्हा बाकावर बसवलं. मोसमाच्या मध्यावर मॅकहॅन चालेना, पुन्हा स्टार. पुस्तकात हे वाचताना मला बरं वाटलं. इतक्या मोठ्या माणसालाही समोर हिरा असताना दोन वर्षं दिसत नव्हता.

आता ती घटना. एकदा सरावात स्टारचा फेकलेला चेंडू समोरच्याच्या हाताला लागून उडाला आणि तिसऱ्याने झेलला. लोम्बार्डीने सगळ्यांसमोर त्याची सालटी काढली. (सराव पाहणाऱ्यांना हे नेहमीचंच होतं. हा माणूस ओरडण्यासाठी प्रसिद्ध होता.) सराव संपल्यावर हा मितभाषी मुलगा सरळ त्याच्या ऑफिसात गेला. त्याने जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा : मी या लोकांचं नेतृत्व करावं असं तुम्हाला वाटतं ना, मग त्यांच्यासमोर माझे तुकडे करू नका. जे बोलायचं ते या खोलीत बोला, हवं तितकं बोला, मी ऐकेन. शिवाय तुमची चूक झाली हे तुमच्या लक्षात येतं तेव्हा तुम्ही माफी इथे एकट्यात मागता, पण ओरडलेलं मात्र सगळ्यांनी ऐकलेलं असतं.

लोम्बार्डीने ते मान्य केलं. आणि त्यानंतर अखेरपर्यंत, म्हणजे अनेक वर्षं, त्याने स्टारला इतरांसमोर फाडलं नाही.

मित्रांनो, हे पान मी वसतिगृहाच्या गच्चीवर वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. आता तो आमचा प्रकार सांगतो. इंटर-हॉस्टेलची सेमीफायनल, तिसरा सेट, आम्ही १२-१४ ने मागे. आमचा सेटर सेकंड इयरचा, शांत पोरगा. कॅप्टन मी. सगळ्या मॅचभर बोटांनी खुणा करून कुणाला बॉल द्यायचा ते मीच सांगत होतो, आणि आदल्या आठवड्यात मी सहा नवीन कॉम्बिनेशन्स आणली होती, जी आमच्यातल्या कुणालाच, म्हणजे मलाही, नीट येत नव्हती. त्याने मधल्या गड्यासाठी बॉल काढला, मधला गडी दुसऱ्याच खुणेवर उडाला, बॉल दोघांच्या मध्ये पडला. मॅच गेली. आणि मी कोर्टावर, तिन्ही हॉस्टेलं बघत असताना, मुलींच्या हॉस्टेलच्या पोरीसुद्धा, त्या मुलाला जे बोललो ते इथे छापता येणार नाही. संपादक मंडळ कापेल. तो काही बोलला नाही. नेटची दोरी सोडवायला मदत केली, नेट गुंडाळून जिमखान्यात ठेवलं आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून प्रॅक्टिसला आला नाही. मी सगळ्यांना सांगत होतो, त्याच्यात दम नाही.

त्याने चूक केलीच नव्हती. खूण माझी चुकली होती. हे मला त्याच रात्री कळलं होतं, आणि तरी मी दोन महिने तेच सांगत राहिलो.

असो. लोम्बार्डीकडे येऊ.

२६ डिसेंबर १९६० ला पॅकर्स फिलाडेल्फियात अंतिम सामना खेळले आणि १७-१३ ने हरले. शेवटच्या क्षणी जिम टेलर गोलरेषेपासून आठ-नऊ यार्डांवर पकडला गेला आणि वेळ संपली. सामन्यात आधी सोपे तीन गुण घेण्याऐवजी लोम्बार्डीने चौथ्या प्रयत्नात पुढे जाण्याचा हट्ट धरला होता, तो दोष त्याने स्वतःवर घेतला. पुन्हा अंतिम सामना आपण हरणार नाही असं त्याने पोरांना सांगितलं, आणि लक्षात घ्या, त्याच्या हाताखाली ते पुन्हा कधी हरले नाहीत. व्हेनिसी मात्र त्याच्या महिनाभर आधी, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी वारला होता. ज्याने सगळी माणसं जमवली त्याने एकही अजिंक्यपद पाहिलं नाही.

त्या हरलेल्या संघापुढे १९६१ च्या जुलैत सराव सुरू करताना लोम्बार्डीने हातात चेंडू घेतला आणि ही वस्तू म्हणजे फुटबॉल, इथपासून शिकवायला सुरुवात केली. मॅक्स मॅगी नावाचा एक वात्रट खेळाडू होता (प्रत्येक बॅचला एक असतो), त्याने सर जरा हळू घ्या, फार फास्ट होतंय, अशी विनंती केली. लोम्बार्डीसुद्धा हसला म्हणे. त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी ग्रीन बेमध्ये पॅकर्सने जायंट्सला, म्हणजे लोम्बार्डीच्याच जुन्या संघाला, ३७-० ने हरवलं. पुढची यादी पटकन सांगतो : १९६१, १९६२, १९६५, १९६६, १९६७. सात वर्षांत पाच अजिंक्यपदं, वर पहिले दोन सुपर बोल, कॅन्सस सिटीला ३५-१० आणि ओकलंडला ३३-१४. त्या दोन्ही सामन्यांत सर्वोत्कृष्ट खेळाडू कोण? दोनशेव्या क्रमांकावर घेतलेला बार्ट स्टार.

सगळंच काही पूजा करण्यासारखं नव्हतं. खेळाडू सरावाला पंधरा मिनिटं आधी आला नाही तर उशीर झाला असं धरलं जायचं. दुखापतीकडे तो दुर्लक्ष करायचा. घरी बायको मेरी, मुलगा विन्सेंट आणि मुलगी सूझन यांच्या वाट्याला त्याचा वेळ फारच थोडा आला आणि राग बराच आला, हे मॅरानिसने लपवलेलं नाही. पण एका बाबतीत तो काळाच्या पुष्कळ पुढे होता. तेव्हा अमेरिकेत काळ्या खेळाडूंना कित्येक हॉटेलांत जागा मिळत नसे. ग्रीन बेच्या ज्या बारमध्ये माझ्या काळ्या खेळाडूंना प्यायला मिळणार नाही तिथे माझा एकही खेळाडू येणार नाही, असा निरोप त्याने गावात फिरवला. विली डेव्हिस, हर्ब अ‍ॅडर्ली, विली वुड हे त्याच्या बचावाचे खांब होते. स्वतःच्या आडनावाचा काटा त्याला बोचलेला होता, तो त्याने इतरांना बोचू दिला नाही.

आणि आता ३१ डिसेंबर १९६७, ग्रीन बे. अंतिम सामना, समोर डॅलस काउबॉइज. तापमान उणे २५ अंश सेल्सिअस! इंजिनिअर मंडळींनी इकडे लक्ष द्यावं. लोम्बार्डीने त्याच वर्षी ८०,००० डॉलर खर्चून मैदानाच्या मातीखाली विजेच्या तारांची हीटिंग सिस्टिम बसवून घेतली होती आणि तिचं त्याला फार कौतुक होतं. ती नेमकी त्या दिवशी कामी आली नाही. ताडपत्री काढली तेव्हा तिच्याखाली साठलेला ओलावा गोठला आणि मैदानाची फरशी झाली. प्रोजेक्ट एक्झिबिशनच्या दिवशी ज्यांचा सर्किट बोर्ड जळाला आहे त्यांना या माणसाचं दुःख कळेल. पंचांच्या धातूच्या शिट्ट्या ओठांना चिकटल्या, मग त्यांनी तोंडाने ओरडून सामना चालवला.

शेवटची चार मिनिटं पन्नास सेकंद उरली तेव्हा पॅकर्स १४-१७ ने मागे, आणि गोलरेषा ६८ यार्ड लांब. हडलमध्ये स्टार एकटा. बाहेरून निरोप नाही, खूण नाही. एकेक चाल त्याने स्वतः निवडली आणि संघाला गोलरेषेच्या अगदी जवळ, एका यार्डावर आणलं. तिथे दोनदा पळणारा गडी बर्फावर घसरला. सोळा सेकंद उरले, शेवटचा टाइम-आउट घेऊन स्टार कडेला आला. फील्ड गोल मारून बरोबरी साधता आली असती. न मारता पुढे गेले आणि अडले, तर वेळ संपून सगळंच गेलं असतं. स्टारने सांगितलं की पळणाऱ्यांचे पाय ठरत नाहीयेत, मी जवळ आहे, मी उभ्या उभ्या घुसू शकतो. लोम्बार्डीने जास्त चर्चा केली नाही. कर आणि चला घरी, इतकंच काय ते त्याचं उत्तर. हडलमध्ये परत येऊन स्टारने जी चाल सांगितली त्यात चेंडू चक मर्सीनकडे जायचा होता. तो आपल्याकडेच ठेवणार आहे हे त्याने कुणाला सांगितलं नाही. जेरी क्रेमर आणि केन बोमनने समोरच्याला ढकललं आणि त्या फटीतून स्टार आत पडला. २१-१७.

मी हे दृश्य किती वेळा पाहिलं असेन कोण जाणे. पण माझी नजर आता चेंडूकडे जात नाही. नऊ वर्षांपूर्वी अंधाऱ्या खोलीत बसून ज्याने त्या मुलाला एकेका चालीचं का सांगितलं, तो माणूस त्या वेळी मैदानाबाहेर नुसता उभा आहे. त्याच्या हातात काही नाही.

१ फेब्रुवारी १९६८ ला त्याने पॅकर्सचं कोचपद सोडलं. वर्षभर नुसत्या मॅनेजरच्या खुर्चीत बसून जीव रमेना, म्हणून १९६९ मध्ये वॉशिंग्टनच्या संघाकडे गेला. चौदा वर्षांत पराभवांपेक्षा जास्त विजय न पाहिलेल्या त्या संघाला त्याने सात विजय, पाच पराभव, दोन बरोबरी असं आणून ठेवलं. १९५९ सारखंच. पुढचं वर्ष मिळालं नाही. १९७० च्या जूनमध्ये आतड्याच्या कॅन्सरचं निदान झालं आणि ३ सप्टेंबरला वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन हॉस्पिटलमध्ये तो गेला. वय ५७. सुपर बोल जिंकणाऱ्याला दिल्या जाणाऱ्या चषकाला त्याच वर्षी त्याचं नाव देण्यात आलं.

जानेवारीत सेमिस्टर सुरू झालं तेव्हा मी आमच्या सेटरच्या खोलीवर गेलो. तो जर्नल लिहीत बसला होता. खूण माझी चुकली होती हे मी सांगितलं. त्याला ते माहीतच होतं. त्याने एवढंच विचारलं की हे इथे का सांगतोय, सगळ्यांनी तर दुसरंच ऐकलंय. म्हणून रात्री मेसमध्ये ताटं घेऊन सगळे बसले असताना उभा राहून पुन्हा सांगितलं. आवाज फुटत नव्हता, शेवटच्या टेबलावरच्यांना ऐकू गेलं नाही. त्यांच्यासाठी हा लेख.

सोमवारपासून तो प्रॅक्टिसला येतोय. सहाच्या सहा कॉम्बिनेशन्स आम्ही रद्द केली. दोन ठेवली आहेत, ती त्याने निवडली, आणि कोर्टावर खुणा आता तोच करतो. माझ्याशी कामापुरतंच बोलतो. काल त्याने मला बॅक-रो वरून चुकीच्या वेळी उडाल्याबद्दल झापलं, सगळ्यांसमोर. मॅच पंधरा तारखेला आहे, जिमखान्याच्या मागच्या कोर्टवर, संध्याकाळी पाचला. आम्ही पावणेपाचला येतो.